कमरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेताय? दुर्मीळ गुंतागुंती कशा ओळखायच्या, कोणती मुदत पाळायची: घरच्या माणसासाठी मार्गदर्शन

आईला कमरेत इंजेक्शन दिलं त्या दिवशी आम्ही दुपारी तीनच्या सुमारास घरी आलो. डाव्या पायात घोट्यापर्यंत जाणारी कळ बरीच ओसरली होती. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच ती ओट्याशी उभी राहून चहा करत होती. डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी होत्या: कमरेत इंजेक्शन दिले, पाच दिवसांनी दाखवणे. तिसऱ्या दिवशी तिला सारखी तहान लागायला लागली आणि रात्री पाच-सहा वेळा ती लघवीला उठली. उन्हाळा आहे, पाणी जास्त जातंय, म्हणून आम्ही सोडून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर ३४२ निघाली. बारा वर्षं तिची शुगर गोळ्यांवर आटोक्यात होती. दवाखान्यात फोन केला, तर कुठलं स्टिरॉइड दिलं, किती मिलिग्रॅम दिलं, हे कुणालाच सांगता येईना.

ते निभावलं. आठ-दहा दिवसांत शुगर खाली आली. खरं तर स्टिरॉइडने मधुमेहींची शुगर वाढणं दुर्मीळ नाही, ते ठरलेलंच आहे. पण ठरलेली गोष्टसुद्धा आम्हाला कुणी सांगितली नव्हती, मग खरोखर दुर्मीळ आणि गंभीर ते कोण सांगणार? तेव्हापासून मी वाचत गेले, ओळखीच्या भूलतज्ज्ञांना आणि मणक्याच्या सर्जनना विचारत गेले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. या इंजेक्शनच्या गंभीर गुंतागुंती फार थोड्यांना होतात. पण ज्या होतात त्यांतल्या बहुतेकींना मुदत असते, कुठे काही तासांची, कुठे काही दिवसांची. आणि ती मुदत सरत असताना रुग्ण दवाखान्यात नसतो, घरी पलंगावर असतो. म्हणून हे सगळं घरच्या माणसाला माहीत हवं.

सुई नेमकी कुठे जाते

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका असतो. रज्जू आणि नसा पाण्याने भरलेल्या एका लांबट पिशवीत असतात. त्या पिशवीचं बाहेरचं जाड आवरण म्हणजे ड्यूरा. ड्यूरा आणि हाडाची नळी यांच्यामध्ये चरबी आणि पातळ भिंतींच्या शिरांनी भरलेली चिंचोळी जागा असते. ती एपिड्यूरल जागा. स्टिरॉइड सोडायचं ते इथे. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस सुजलेली असते, ती सूज स्टिरॉइड उतरवतं. गादी जागेवर बसत नाही की अरुंद झालेली नळी रुंद होत नाही.

त्या जागेत शिरायच्या वाटा तीन. पहिली मागून, दोन मणक्यांच्या कमानींमधून. दुसरी बाजूने, नस ज्या छिद्रातून बाहेर पडते तिथून. तिसरी खालून, माकडहाडाच्या वरच्या फटीतून. मागच्या वाटेत ड्यूराला भोक पडण्याची शक्यता जास्त. बाजूच्या वाटेने औषध थेट दुखऱ्या नसेपाशी पोचतं, म्हणून अनेक डॉक्टर ती पसंत करतात. पण त्याच छिद्रातून कधीकधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनी आत जात असते.

या धमन्यांमधली सर्वांत मोठी शोधली ती आल्बर्ट आदामकिएविच या पोलिश संशोधकाने, १८८२ साली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेकांत ती डावीकडून, छातीच्या खालच्या मणक्यांच्या आसपास आत शिरते. थोड्या लोकांत मात्र ती कमरेत आणखी खाली उतरलेली असते. सुईचं टोक तिच्यात गेलं आणि औषधात दाणे असले, तर ते दाणे पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकतात आणि मज्जारज्जूच्या त्या भागाचं रक्त बंद पडतं. हातापायांतलं बळ जाण्याची सर्वांत भयंकर आणि सर्वांत विरळी गुंतागुंत ती हीच.

दाणेदार औषध डोळ्यांनी ओळखता येतं. मिथिलप्रेडनिसोलोन, म्हणजे आपल्याकडे डेपो-मेड्रॉल, आणि ट्रायॲमसिनोलोन, म्हणजे केनाकॉर्ट, ही बाटली हलवली की पातळ ताकासारखी पांढरी दिसतात. डेक्सामेथासोन पाण्यासारखं नितळ असतं, त्यात दाणे नसतात. एफडीए, म्हणजे औषधांना मंजुरी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्या पुढाकाराने तज्ज्ञांचा एक गट बसला होता. त्याने २०१५ साली दिलेल्या शिफारशींत म्हटलं आहे की मानेत बाजूच्या वाटेने दाणेदार स्टिरॉइड देऊच नये आणि कमरेत बाजूच्या वाटेने द्यायचं तर आधी डेक्सामेथासोन वापरावं. केनाकॉर्टचंच औषध अमेरिकेत केनालॉग नावाने मिळतं. त्याच्या माहितीपत्रकात तर एपिड्यूरल जागेत देऊ नये असंच छापलेलं आहे.

आधी ठरवा: हे इंजेक्शन आपल्यासाठी आहे का

धोका कितीही छोटा असला तरी तो कशासाठी पत्करतोय हे माहीत हवं. गादी सरकून नस दबली आहे, कळ कमरेपेक्षा पायात जास्त आहे, गोळ्या आणि व्यायामाने काही आठवडे उलटूनही झोप लागत नाही, अशा वेळी इंजेक्शन थोडा काळ श्वास घ्यायला जागा देतं. तेवढ्यात शरीर आपलं काम करतं. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच जणांमध्ये आपोआप आक्रसतो. फायदा होतो तो बहुतेक वेळा काही आठवड्यांचा आणि बेताचा असतो.

नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, आणि वर्षानुवर्षं दुखते, तर या इंजेक्शनकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीसाठी अशी इंजेक्शनं नेहमीच्या उपचारात देऊ नयेत, अशी शिफारस २०२५ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अनेक वेदनातज्ज्ञांना ती मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्यायला हवं. वयामुळे नळी अरुंद झालेल्या चारशे रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला. स्टिरॉइड अधिक बधिर करायचं औषध आणि नुसतं बधिर करायचं औषध यांत सहा आठवड्यांनी सांगण्यासारखा फरक दिसला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एफडीएने इशारा दिला की एपिड्यूरल स्टिरॉइडनंतर क्वचित दृष्टी जाणं, पक्षाघात, पाय लुळे पडणं आणि मृत्यूही झालेले आहेत, आणि या वापराला त्या संस्थेची मंजुरी नाही.

आणखी एक, आपल्या भागात तर फार महत्त्वाचं. एमआरआय न बघता इंजेक्शन घेऊ नका. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे आणि सुरुवातीला तो अगदी गादी सरकल्यासारखा वाटतो. संध्याकाळी अंग मोडून बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारी पाठदुखी यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. जंतू आत दबा धरून असताना तिथे स्टिरॉइड सोडणं म्हणजे घराला कुलूप लावून चोराला आत कोंडणं. सहा महिन्यांपूर्वीचा एमआरआय असेल आणि त्यानंतर दुखण्याची तऱ्हा बदलली असेल, तर नवा लागेल का हेही विचारा.

आठवडाभर आधी: गोळ्यांची पिशवी

औषधांची यादी तोंडी सांगू नका. पिशवीच घेऊन जा, पट्ट्यांसकट. का ते सांगते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना एपिड्यूरल जागेतली एखादी शीर दुखावली, तर रक्त साचत जातं आणि नसांवर दाब येतो. वॉर्फरिन आणि ॲसिट्रोम घेणारे सहसा आठवणीने सांगतात, कारण रक्त गोठायला किती वेळ लागतो हे बघणारी त्यांची आयएनआर तपासणी चालू असते. घोळ होतो तो हृदयाच्या गोळ्यांत. माझे काका सगळीकडे "फक्त इकोस्प्रिन" म्हणायचे. पट्टी पाहिली तर इकोस्प्रिन गोल्ड. तीत ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल असतं, आणि थांबवण्याची गरज पडते ती मुख्यतः त्यासाठी. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचंही तसंच.

वॉर्फरिन साधारण पाच दिवस आधी थांबवून आयएनआर बघतात, क्लोपिडोग्रेल साधारण आठवडाभर आधी. पण हे ठरवायचं हृदयाच्या डॉक्टरांनी, आणि शक्यतो लेखी. स्टेंट नुकताच बसलेला असेल तर गोळी बंद करणं हाच मोठा धोका आहे. कंबरेचं इंजेक्शन थांबू शकतं, स्टेंट तुंबला तर थांबायला वेळ नसतो. बंद केलेली गोळी पुन्हा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी सुरू करायची, हेही आधीच लिहून घ्या. रक्त साचण्याचा प्रकार कधीकधी गोळी पुन्हा सुरू झाल्यावर घडतो.

मधुमेह असेल तर शुगरच्या डॉक्टरांना इंजेक्शनची तारीख कळवा आणि आठवडाभर रोज शुगर बघायची तयारी ठेवा. तपासायच्या पट्ट्या आधीच आणून ठेवा. शुगर आधीच २५०-३०० असेल तर इंजेक्शन पुढे ढकलायचं का, हे विचारा. अंगावर गळू, दाताचं पू आलेलं दुखणं, लघवीचा जंतुसंसर्ग, ताप यांपैकी काही चालू असेल तर तारीख पुढे जायलाच हवी.

एक गोष्ट लोक लाजेने सांगत नाहीत, आणि तीच न सांगितल्याने घात होतो. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाव्हिर असलेली गोळी चालू असेल तर शरीर ट्रायॲमसिनोलोनसारखं स्टिरॉइड लवकर बाहेर टाकू शकत नाही. एका इंजेक्शननेही आठवडे-महिने अंगात स्टिरॉइड साठून राहतं, चेहरा सुजतो, बीपी आणि शुगर वाढते, शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावते. बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलमुळेही असं होऊ शकतं. डॉक्टरांशी एकांतात बोला, पण बोला.

त्या दिवशी: बिल जपा, बाटली बघा

आपल्याकडे बरेचदा औषध नातेवाइकांनाच खालच्या मेडिकलमधून आणायला सांगतात. याचा एक फायदा आहे. मेडिकलच्या बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत संपायची तारीख छापलेली असते. ते बिल फेकू नका, एमआरआयच्या फाइलमध्ये ठेवा. औषध दवाखान्यानेच दिलं असेल तर खोक्याचा फोटो मागा. का, ते पुढे सांगते.

डॉक्टरांना विचारायचं ते थोडक्यात असं: कोणत्या वाटेने आणि कोणत्या पातळीला देणार? स्टिरॉइड कोणतं? एक्स-रेच्या पडद्यावर बघून, म्हणजे सी-आर्मखाली, देणार ना? आधी डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून सुई शिरेत किंवा धमनीत नाही हे बघणार ना? बाटली माझ्यासाठीच उघडणार का? बाटली एका रुग्णासाठीच असेल, तर उरलेलं औषध दुसऱ्याला वापरणं हे जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे. हे प्रश्न विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. डायची, आयोडीनची किंवा बधिर करायच्या औषधाची ॲलर्जी, गरोदर असण्याची शक्यता, हेही याच वेळी सांगायचं.

आणि एक विनंती. "झोपवूनच करा हो, मला बघवत नाही" असं म्हणू नका. भीती खूप असेल तर हलकं शामक देतात, पण रुग्ण बोलण्याइतका जागा हवा, मानेच्या इंजेक्शनला तर नक्कीच. सुई नसेला लागली तर पायात वीज चमकल्यासारखं होतं. ते लगेच तोंडाने सांगायचं, हलायचं मात्र नाही. तुमचा तो एक शब्द डॉक्टरांचा हात थांबवतो. झोपलेला माणूस तो शब्द उच्चारू शकत नाही.

दवाखान्यातून निघण्याआधी कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: औषधाचं नाव आणि मात्रा, मणक्याची पातळी आणि बाजू, बधिर करायचं औषध दिलं की नाही, आणि रात्री कुणाला फोन करायचा. आमच्या कार्डावर यांतलं एकही नव्हतं.

पहिले बारा तास

मज्जारज्जूचं रक्त अडलं तर ते टेबलावरच किंवा काही मिनिटांत कळतं. दोन्ही पाय अचानक जड होतात, हलत नाहीत. मानेच्या इंजेक्शनमध्ये तोल जाणं, बोलणं अडखळणं, समोरचं दोन-दोन दिसणं असं मेंदूच्या झटक्यासारखं होऊ शकतं. त्या वेळी डॉक्टर समोर असतात. आपण करायचं ते एवढंच की जे जाणवतं ते लपवायचं नाही.

घरी आल्यावर गोंधळ होतो तो असा. बधिर करायचं औषध दिलेलं असेल तर पाय दोन-चार तास हलका लुळा, मुंग्या आल्यासारखा वाटू शकतो. तो परिणाम तासागणिक उतरत जायला हवा. म्हणून घरी पोचल्यावर लगेच आणि मग दर दोन तासांनी हे करून बघा. रुग्णाला आडवं करून पायाचा अंगठा वर ओढायला सांगा, तुम्ही हाताने तो खाली दाबा. दोन्ही बाजूंची ताकद ताडून बघा आणि कागदावर लिहा. सहा वाजता बरा, आठ वाजता त्याहून बरा, तर ठीक. उलट चाललं असेल तर थांबू नका.

दुसरी खूण लघवीची. पहिल्या सहा तासांत लघवी झाली का, धार नेहमीसारखी होती का, पोट फुगून तुंबल्यासारखं वाटतं का. तिसरी खूण सांगायला संकोच वाटतो, पण ती सर्वांत नेमकी आहे. शौचाहून आल्यावर धुताना आपल्या हाताचा स्पर्श नेहमीसारखा जाणवला का? मांड्यांच्या आतली बाजू आणि बसल्यावर जी जागा टेकते ती बधिर पडणं, लघवी तुंबणं, आणि कमरेत आधी नव्हती अशी असह्य, वाढत जाणारी कळ, ही सगळी नळीत रक्त साचून नसा दबल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी तातडीचा एमआरआय आणि शस्त्रक्रिया लागते. आठ ते बारा तासांच्या आत दाब मोकळा झाला तर पाय परत येण्याची आशा सर्वांत जास्त.

म्हणून "सकाळी ओपीडीत दाखवू" हा विचार मनातून काढून टाका. तालुक्याच्या गावी असाल तर चोवीस तास एमआरआय आणि न्यूरोसर्जन कुठे आहे, ते इंजेक्शनच्या आधीच शोधून ठेवा. रात्री दोन वाजता तो शोध घ्यायचा नसतो. १०८ ला फोन करताना "मणक्यात इंजेक्शन दिलंय, पायातली ताकद जातेय, लघवी तुंबलीये" या शब्दांत सांगा. नुसतं "पाठ दुखतेय" म्हटलं तर निकड पोचत नाही.

अचानक एका डोळ्यासमोर काळा डाग किंवा धूसर दिसायला लागलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. द्रव जास्त आणि भरभर सोडला तर आतला दाब चढून दृष्टिपटलात रक्तस्राव झाल्याची उदाहरणं आहेत. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं ही ॲलर्जी, आणि तिला घरी उपाय नाही.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर

उभं राहिलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की उतरतं, अशी डोकेदुखी एक-दोन दिवसांत सुरू झाली तर ड्यूराला बारीक भोक पडून आतलं पाणी झिरपतंय असं समजा. आडवं पडणं, भरपूर पाणी, चहा-कॉफी यांनी बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. थांबलं नाही तर रुग्णाचंच थोडं रक्त काढून त्या जागी सोडतात, त्याने भोक बुजतं आणि आराम लवकर पडतो. मात्र हीच डोकेदुखी पुढे आडवं झालं तरी उतरेनाशी झाली, गुंगी आली, उलट्या सुरू झाल्या, तर डोक्याचं स्कॅनिंग लगेच करून घ्यायचं. मेंदूवर रक्त साचण्याची शक्यता अशा वेळी असते.

चेहरा लाल होऊन तापणं, दोन-तीन रात्री झोप न येणं, पाळी पुढेमागे होणं हे स्टिरॉइडचे परिणाम आहेत, आपोआप जातात. उचकीचं मात्र कुणाला माहीत नसतं. काहींना इंजेक्शननंतर एक-दोन दिवस उचकी लागून राहते, पाणी, साखर, श्वास रोखणं कशाने जात नाही. घरचे घाबरतात. डॉक्टरांना कळवा, त्यावर गोळी असते. क्वचित कुणी फार बडबडायला लागतं, रात्ररात्र येरझारा घालतं, भलतेच संशय घेतं. आधी मानसिक आजार झालेल्याच्या घरी याकडे लक्ष ठेवा.

मधुमेहींनी सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी शुगर बघावी. स्टिरॉइडने जेवणानंतरची शुगर जास्त चढते, नुसती सकाळची बघून फसायला होतं. ३०० च्या वर दोनदा निघाली, किंवा तहान, उलटी, गुंगी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

ताप, आणि टेनेसीतली गोष्ट

एपिड्यूरल जागेत पू होणं ही काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी दिसणारी गुंतागुंत. मधुमेही, डायलिसिसवरचे, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना ती जास्त. आधी ताप आणि एकाच जागी ठणकणारी पाठ, मग पायात कळा, मग ताकद जाणं, असा क्रम सहसा असतो. ताकद जाण्याच्या आधीच पकडलं तर पाय वाचतात. अडचण अशी की स्टिरॉइड ताप दडपतं, आणि दुखतंय म्हणून चार-चार तासांनी घेतलेलं पॅरासिटामॉल उरलासुरला तापही उतरवतं. म्हणून गोळी देण्याआधी थर्मामीटर लावा, नंतर नको. शंका आली की सीआरपी आणि ईएसआर या साध्या रक्ततपासण्या आणि रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय मागा. निदान होण्याआधी कुणी आपल्या मनाने अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या तर चित्र पुसट होतं.

आता बिलाची गोष्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉ. एप्रिल पेटिट यांनी राज्याच्या आरोग्य विभागाला कळवलं की पाठीत स्टिरॉइड घेतलेल्या एका रुग्णाला बुरशीने मेंदुज्वर झाला आहे. एकाच रुग्णाची ती नोंद. शोध घेतला तेव्हा धागा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषध बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला. तिथल्या मिथिलप्रेडनिसोलोनच्या तीन बॅचेस बुरशीने दूषित होत्या, सतरा हजारांच्या आसपास बाटल्या. परिरक्षक, म्हणजे औषध टिकवण्यासाठी घालतात ते रसायन, नसांना घातक ठरू शकतं म्हणून ते बिनपरिरक्षकाचं बनवलेलं होतं. त्यामुळे आत गेलेल्या बुरशीला अडवायला काहीच नव्हतं. एरवी गवतावर वाढणारी एक्सेरोहिलम रोस्ट्रॅटम नावाची ही बुरशी माणसाला क्वचितच लागते. सरकारी मोजदादीत वीस राज्यांत साडेसातशेच्या वर लोक आजारी पडले आणि चौसष्ट गेले.

यातलं आपल्या उपयोगाचं असं. अनेकांना त्रास आठवड्यांनी सुरू झाला, काहींना महिन्यांनी. सुरुवात साध्या डोकेदुखीने, किंवा "तीच जुनी कंबर पुन्हा दुखतेय" अशी. हजारो लोकांना शोधून फोन करता आले ते कुणाला कोणत्या बॅचचं औषध दिलं याच्या नोंदी होत्या म्हणून. आपल्याकडे ती नोंद बहुतेक वेळा तुमच्या हातातल्या बिलावरच असते. इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांत न थांबणारी डोकेदुखी, मान आखडणं, उजेड सहन न होणं, पाठीतली नवी कळ असं काही झालं, तर कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिल्या वाक्यात इंजेक्शनची तारीख सांगा.

पुढचं इंजेक्शन मागण्याआधी

"तीन इंजेक्शनांचा कोर्स असतो" असं आम्हालाही सांगितलं होतं. ठरवून तीन घेण्याला आधार नाही. पहिल्याने किती आराम पडला, किती दिवस टिकला, यावर दुसऱ्याचं ठरतं. काहीच फरक पडला नसेल तर तेच पुन्हा घेण्यात अर्थ नाही. वारंवार घेतल्याने हाडं ठिसूळ होण्याला हातभार लागतो, नळीत चरबी वाढून उलट नसाच दबू शकतात, खुब्याच्या हाडाचं रक्त तुटल्याच्याही थोड्या नोंदी आहेत. जांघेत नव्याने दुखायला लागलं, मांडी घालून बसता येईना, तर प्रत्येक वेळी कंबरेलाच दोष देऊ नका, खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. औषध चुकून ड्यूराच्या आत गेलं असेल तर पुढे नसांचा पुंजका एकमेकांना चिकटून कायमची जळजळ राहू शकते, आणि त्यावर अजून चांगला उपाय नाही.

शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती इंजेक्शननंतर काही आठवडे मंद असू शकते. त्या काळात मोठं आजारपण आलं, अपघात झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना हे आवर्जून सांगा. मणक्याची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया आधीच ठरली असेल तर सर्जनना विचारल्याशिवाय मध्ये इंजेक्शन घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

काही विपरीत घडलंच, तर त्याची नोंद करा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया ठेवतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत क्रमांक. रुग्णाला किंवा नातेवाइकालाही कळवता येतं, डॉक्टरच हवा असं नाही. औषधाचं नाव, बॅच, तारीख, काय झालं, एवढं जवळ ठेवा.

आईच्या फाइलच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. दवाखान्यात प्रत्यक्ष खेपा घालून मिळवलेली माहिती त्यावर मी पेनाने लिहिली आहे: ट्रायॲमसिनोलोन ४० मिलिग्रॅम, एल-४ आणि एल-५ च्या, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या, मधून, डावीकडे, चौथ्या दिवशी शुगर ३४२. पुढचं इंजेक्शन सुचवणाऱ्या डॉक्टरांसमोर सगळ्यात आधी तो कागद ठेवते.